एका इंचाला एक फूट



या महिन्याच्या पाठाला दोन वस्तू लागतील: शिलाईची टेप आणि एक वही. टेप गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडे असतेच, नसेल तर गवंड्याकडून मागून आणा. पाठ वाचून झाला की ग्रामसंघाच्या चार-पाच जणींनी मिळून गावात एक फेरी मारायची आहे. कशासाठी, ते आता बघू.

आधी हजेरीवही उघडा

तुमच्या गटाची बैठक कुठे भरते? समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात, देवळाच्या ओट्यावर की अध्यक्षताईंच्या माडीवर? तिथे जायला किती पायऱ्या चढाव्या लागतात? बहुतेकींना आकडा सांगता येणार नाही. ज्यांचे पाय चालतात त्या पायऱ्या मोजत नाहीत. पण गावात अशी कुणीतरी नक्की आहे जिला तो आकडा तोंडपाठ आहे, कारण त्या पायऱ्यांमुळेच ती येत नाही.

गटभेटीत मी हजेरीवही बघते. एका गटात एका ताईंच्या नावापुढे सलग पाच बैठका 'गैरहजर' लिहिलेलं होतं आणि प्रत्येक वेळचा दंडही लावलेला होता. बचत मात्र दर महिन्याला मुलाच्या हातून वेळेवर येत होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की बैठक खालच्या ओट्यावरून माडीवर हलवली तेव्हापासून त्यांचं येणं बंद झालं. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. जिन्याला कठडा नाही. त्यांनी तक्रार केली नाही आणि गटानेही विचारलं नाही. वहीत दोषी ठरल्या त्या, आणि जिना सुटला. पुढच्या महिन्यापासून बैठक परत ओट्यावर सुरू झाली, एक रुपयाही खर्च न होता.

आजचा पाठ एवढाच आहे. अडचण बाईच्या पायात आहे असं आपण धरून चालतो. ती पायरीत आहे असं धरलं, तर काहीतरी करता येतं. पाय बदलता येत नाही, पायरी बदलता येते.

'आमच्या गावात असं कुणी नाही'

हे वाक्य मला पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातल्या साधारण ६९ टक्के खेड्यांत राहणाऱ्या. एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकारही कमीच मोजले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यात चालण्याची, डोळ्यांची, कानांची अडचण तर आहेच, शिवाय बौद्धिक अक्षमता, दीर्घकाळचा मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात झालेली इजा हेही आहे.

म्हणजे गावात माणसं आहेत, पण ती घरात आहेत. आणि ती घरात आहेत म्हणून आपल्याला वाटतं की नाहीत. नाहीत असं वाटतं म्हणून शाळा, पंचायत, दवाखाना बांधताना त्यांचा विचार होत नाही. हे चक्र कुठूनतरी तोडायचं, तर दिसण्यापासून सुरुवात करू. तुमच्या वस्तीत अशा किती जणी आहेत, त्यांची नावं आठवून बघा. नाव म्हणजे खरं नाव. 'लंगडी', 'मुकी', 'आंधळ्याची' ही नावं नव्हेत. चारचौघांत एखाद्याला दिव्यांगत्वावरून मुद्दाम अपमानित करणं हा २०१६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, त्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे.

कायदा काय म्हणतो

त्या कायद्याचं पूर्ण नाव 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६'. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आपल्या कामाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, नवीन सार्वजनिक इमारत दिव्यांगांना वापरता येईल अशी नसेल, तर तिच्या आराखड्याला मंजुरीच देता येत नाही.

दुसरी, जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, त्या हिशोबाने मुदत २०२२ मध्येच संपली.

तिसरी, कोणत्या जागा आधी करायच्या हेही कायद्यात लिहिलंय: प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी दवाखाना, शाळा, रेल्वे स्टेशन, बसथांबा. म्हणजे आपल्या रोजच्याच जागा.

मग काम का झालं नाही? त्याचं एक कारण राजीव रतुरी यांच्या खटल्यातून पुढे आलं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या या कार्यकर्त्याने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, की रस्ते, इमारती, गाड्या आम्हालाही वापरता आल्या पाहिजेत. त्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं, की कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो, पण त्याखाली बनवलेला नियम 'करावं' अशी नुसती शिफारस करतो. असं चालणार नाही, सक्तीचे नियम बनवा, असा आदेश सरकारला दिला. 'करावं' आणि 'केलंच पाहिजे' यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. कर्जाचा हप्ता 'भरावा' असं लिहिलं असतं तर आपल्या गटांची परतफेड किती झाली असती?

आता टेप हातात घ्या

फेरीत या जागा बघा: ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, समाजमंदिर, बँक किंवा बँकसखीची बसायची जागा, सार्वजनिक नळ, बसथांबा. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या दिव्यांग ताईला सोबत घ्या. तिच्याइतकं तुमच्या टेपलाही कळणार नाही. प्रत्येक जागी चार गोष्टी मोजायच्या.

१. चढ आणि रॅम्प. सगळ्या पायऱ्यांची मिळून उंची इंचात मोजा. नियम सोपा आहे: एका इंचाला एक फूट. एक इंच उंची चढायची तर रॅम्पची लांबी कमीत कमी एक फूट हवी. ग्रामपंचायतीला सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील, तर उंची झाली १८ इंच आणि रॅम्प हवा १८ फुटांचा. आपल्याकडे तीन पायऱ्यांना पाच-सहा फुटांचा रॅम्प टाकून काम पूर्ण दाखवतात. त्यावरून मोटारसायकल वर जाते, चाकाची खुर्ची जात नाही. गेली तर येताना माणूस तोंडावर पडतो. रुंदी चार फूट हवी. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, एक दांडी अडीच फुटांवर आणि एक तीन फुटांवर. वर आणि खाली खुर्ची वळवायला पाच फूट सपाट जागा हवी. रॅम्प ३० फुटांच्या आसपास गेला, तर मध्ये दम घ्यायलाही तशीच सपाट जागा लागते. पृष्ठभाग खरखरीत असावा. गुळगुळीत फरशी पावसाळ्यात घात करते.

२. दार. मोकळी रुंदी तीन फूट हवी. उंबरा किती उंच आहे तेही लिहा. आपल्याला दीड इंचाचा उंबरा दिसत नाही, खुर्चीची पुढची लहान चाकं तिथेच अडतात.

३. संडास. आत खुर्ची वळते का? दार बाहेर उघडतं का? बसायला कमोड आहे का, बाजूला धरायला दांडी आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली कुणाकडे आहे? दिव्यांगांसाठीचा संडास बांधलेला असतो, पण त्यात झाडू, चुन्याची पोती, जुनी रजिस्टरं भरून कुलूप लावलेलं असतं. तालुक्याला जायचं तर सकाळपासून पाणीच पीत नाही, असं सांगणाऱ्या ताई मला भेटल्या आहेत. ही सवय नाही, शिक्षा आहे.

४. पोच. मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत वाट कशी आहे? चिखल, उघडं गटार, वाळूचा ढीग, रॅम्पच्या तोंडाशीच लावलेल्या गाड्या. यातलं अर्धं तर सांगून आजच्या आज हलवता येतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'त्यात काय, चौघी मिळून उचलून नेऊ की,' असं आपण प्रेमाने म्हणतो. पण ज्या बाईला प्रत्येक वेळी चौघींनी उचलायला लागतं, ती दुसऱ्या वेळी येत नाही. आपल्यापैकी कुणाला भर ग्रामसभेत असं उचललेलं आवडेल? मदत करायचीच असेल तर आधी विचारा, "ताई, कशी मदत करू?" आणि ती सांगेल तसंच करा.

गाडीपर्यंत पोचायचं कसं

एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के आणि त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. राखीव आसनं आहेत. पण तिकीट स्वस्त झालं म्हणून गाडीची पायरी खाली येत नाही. त्यात गाडी थांब्याच्या पुढे वीस पावलांवर थांबली, तर काठी घेऊन धावणार कसं?

गाडी बदलणं आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत. ग्रामसंघाच्या पत्रावर आगार व्यवस्थापकांना लिहा, की अमुक थांब्यावर दिव्यांग प्रवासी आहेत, गाडी शेडसमोरच थांबवावी आणि चढेपर्यंत वेळ द्यावा. थांब्याच्या शेडला रॅम्प आणि टेकायला बाक हवा हे ग्रामपंचायतीकडे मागा. वडाप म्हणा नाहीतर काळी-पिवळी, त्या चालकाशी बोलून गाडीत एक मजबूत लाकडी स्टूल ठेवायला सांगा. गाडी उंच असली की पायरी म्हणून तो चालतो, आणि गुडघे दुखणाऱ्या सगळ्याच आया-आज्यांना उपयोगी पडतो.

बोललेलं लिहा, लिहिलेलं बोला

इमारत आणि गाडी डोळ्यांना दिसते. माहितीची पायरी दिसत नाही, पण तीही तितकीच उंच असते. ग्रामसभेची दवंडी स्पीकरवरून दिली, तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सभा आहे हेच कळत नाही. नोटीस फलकावर बारीक अक्षरात लावली, तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती नाहीच. म्हणून एक सूत्र पाठ करा: जे बोललं ते लिहा, जे लिहिलं ते बोला. ग्रामसंघाच्या कामात ते असं वापरता येईल.

• व्हॉट्सॲपवर नोटिशीचा नुसता फोटो टाकू नका. न दिसणाऱ्यांच्या फोनमध्ये अक्षरं वाचून दाखवणारी सोय असते, पण फोटोतलं तिला नीट वाचता येईलच असं नाही. दोन ओळी टाईप करून टाका. नुसता आवाजी मेसेज टाकला असेल तर खाली तेच थोडक्यात लिहा.

• ऐकू न येणाऱ्या ताई गटात असतील तर गोल करून बसा. बोलणारीच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. एका वेळी एकीनेच बोला. ठराव फळ्यावर लिहा. त्यांच्या घरातलं कुणी खुणांची भाषा जाणत असेल तर बैठकीला बोलवा.

• हिशोब मोठ्याने वाचायचा नियम आपल्याकडे आहेच. तो न चुकता पाळा. पासबुकातली शिल्लक, हप्ता, व्याज हे सगळं ऐकवल्याशिवाय न दिसणाऱ्या ताईचा अंगठा घेऊ नका.

• बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीशी लहान वाक्यात, एका वेळी एकच गोष्ट बोला. चित्र दाखवा. आईला विचारून मोकळं होऊ नका, तिला स्वतःला विचारा.

नोटा ओळखणं हाही माहितीचाच भाग आहे. पैसे हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हे माहीत हवं. नव्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडेला बोटाला लागतील अशा तिरक्या उंच रेघा असतात. १०० च्या नोटेला चार, २०० च्या नोटेला चार आणि मध्ये दोन गोल, ५०० च्या नोटेला पाच. पुढच्या बैठकीत डोळे मिटून प्रत्येकीने हे करून बघा. नोट जुनी, मळलेली असली की रेघा लागत नाहीत, आणि १०० आणि २०० च्या नोटेच्या लांबीत फरक फक्त ४ मिलिमीटरचा आहे. न दिसणाऱ्या बाईला बाजारात किती विश्वासावर चालावं लागतं ते तेव्हा कळेल. यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' नावाचं ॲप काढलं. नोटेसमोर फोन धरला की किती रुपयांची ते बोलून सांगतं. एकदा फोनमध्ये घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही.

'एकीसाठी एवढा खर्च?'

ग्रामसभेत हा प्रश्न येणार. उत्तर तयार ठेवा.

रॅम्प वापरणारी एक नसते. नवव्या महिन्यातली सून, नुकतं ऑपरेशन झालेली जाऊ, मोतीबिंदूचे आजोबा, बाळाला कडेवर घेतलेली आई, पोषण आहाराचं पोतं आणणारी सेविका, सगळ्या त्याच वाटेने जातात. आणि म्हातारपण कुणाला चुकलंय?

पण खरं उत्तर याच्याही पुढचं आहे. समजा, गावात खरंच एकच आहे. तरीही ती पट्टी भरणाऱ्या घरातली आहे, मतदार आहे. मतदान यंत्रावर उमेदवाराच्या बटणाजवळ ब्रेलमध्येही आकडा असतो. त्या बूथवर न दिसणारे किती मतदार आहेत हे मोजून तो छापत नाहीत. हक्क मोजून देत नाहीत.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन ग्रामसंघाच्या वाचनालयासाठी मिळालं तर जरूर घ्या. तरुणपणीच कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि त्यांनी पुढे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करून कितीतरी मुलामुलींच्या शिक्षणाची, राहण्याची सोय केली. अशी बाई घराबाहेर पडू शकली नसती, तर नुकसान तिच्या एकटीचं झालं असतं का?

मागणी कशी करायची

वहीतली मापं घेऊन आधी महिला सभेत विषय मांडा, ठराव करून घ्या, मग तो ग्रामसभेत न्या. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा बनतो तेव्हा हे काम त्यात नावानिशी आलं पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो किती जमला आणि कशावर गेला, हे ग्रामसेवकांना सभेत विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

अर्ज मोघम लिहू नका. 'दिव्यांगांची सोय करावी' असं लिहिलं की उत्तर येतं, 'करू.' त्याऐवजी असं लिहा:

"ग्रामपंचायत कार्यालयाच्या प्रवेशाला तीन पायऱ्या असून एकूण उंची १८ इंच आहे. सध्याचा रॅम्प ६ फूट लांबीचा असून त्यावरून चाकाची खुर्ची जात नाही. किमान १८ फूट लांब, ४ फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा असलेला रॅम्प बांधावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार हे बंधनकारक आहे. या कामाचा समावेश चालू आराखड्यात करावा ही विनंती."

खाली ग्रामसंघाचा शिक्का, सह्या, आणि दिव्यांग ताईंची सही सगळ्यात वर. अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून 'पोच' म्हणून घ्या. काम सुरू झालं की गवंडी उतार धरतो त्या दिवशीच टेप घेऊन जा. सिमेंट वाळल्यावर सांगून उपयोग नसतो. दाद मिळाली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते.

सोबत एक काम घरोघरचं. ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड नाही, त्यांची यादी करा आणि अर्ज भरायला मदत करा. बऱ्याचशा योजनांना ते लागतं.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाची बैठकीची जागा सगळ्यांना येता येईल अशी आहे का? नसेल तर कुठे हलवता येईल?

२. गेल्या वर्षभरात कोण सतत गैरहजर आहे? दंड लावण्याआधी कारण विचारलं का?

३. आपल्या वस्तीत गटात येऊ शकेल पण आजवर बोलावलंच नाही, अशी दिव्यांग बाई आहे का? तिला बोलवायला कोण जाणार?

४. दिव्यांग भगिनींचा वेगळा गट करायचा असेल तर पाच जणींचाही होऊ शकतो. पण त्यांना वेगळा गट हवा आहे की आपल्याच गटात यायचं आहे, हे त्यांना विचारलं का?

५. फेरीतल्या मापांपैकी बिनखर्चाची कामं कोणती? ती याच आठवड्यात कोण करणार? नाव आणि तारीख वहीत लिहा.

तुमच्या फेरीची मापं सीआरपी ताईंकडे द्या. प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्या गावांचे कागद शेजारी ठेवून बघू. दहा गावांचे रॅम्प एकाच मापाने चुकलेले निघाले, तर मागणी एका गावाची राहणार नाही.